पासवर्डचा उत्तरार्ध

आमच्या शेजाऱ्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायचे कष्ट मजल्यावर कुणी घेत नाही. सगळे त्यांना कुलूपराव म्हणतात, आणि हे बारसं मी केलंय. माणूस बाहेर पडला की दार ओढतो, कुलूप लावतो, कुलपाला लोंबकळतो, जिन्याच्या वळणापर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा लोंबकळतो. "अहो, बायको आत आहे तुमची!" असं मी एकदा ओरडले, तर म्हणाले, "माहितीये. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे." आणि वर आणखी एकदा ओढून बघितलंच.

त्यांच्या पुढच्या खोलीची खिडकी आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर. मधे एवढीशी फट, की मी इकडे कांदा चिरला तर तिकडे त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे मी लोकांच्या घरात डोकावते असं कुणी म्हणू नये. घरच येऊन माझ्या खिडकीत उभं राहतं, त्याला मी काय करणार?

कुलूपराव एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कॉम्प्युटर सांभाळतात. रक्ताचे, एक्स-रेचे रिपोर्ट हल्ली घरबसल्या मोबाइलवर दिसतात ना, ते ज्या मशीनवरून येतात तो सर्व्हर यांच्या ताब्यात. त्या सर्व्हरला दर वर्षी नवं सर्टिफिकेट लागतं. ही साइट खरोखर या इस्पितळाचीच आहे, कुणा भामट्याची नाही, असा तो दाखला. मुदत संपली की पेशंटच्या मोबाइलवर रिपोर्टऐवजी लालभडक इशारा येतो, आणि आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरतात. बरं, नुसता दाखला असून भागत नाही. त्याच्या जोडीची एक गुप्त किल्ली असते, तिला हे लोक प्रायव्हेट की म्हणतात. तीही एक फाइलच. दाखला जगाला दाखवायचा आणि की कुणालाच दाखवायची नाही. दोन्ही मिळून सर्व्हरवर चढले तरच गाडी पुढे सरकते.

मला हे सगळं कसं कळलं? सांगितलं ना, खिडकी.

तर या की-च्या फाइललाही पासवर्डचं कुलूप. आणि गंमत अशी, की तो पासवर्ड कुलूपरावांना सगळा माहीत नव्हता. पहिला अर्धा त्यांच्याकडे, दुसरा अर्धा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मित्राकडे. म्हणून त्या मित्राचं नाव मी ठेवलं उत्तरार्ध. फार वर्षांपूर्वी तिथं एक साहेब होते, सगळे पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवणारे. एक दिवस कुणाशी तरी बिनसलं आणि डोकं घेऊन निघून गेले. इस्पितळ कितीतरी दिवस लालभडक! तेव्हा या दोघा पोरांनी, तेव्हा पोरंच होती ती, नियम केला. सगळं कुणा एकाला माहीत असता कामा नये. आपापला अर्धा कुठं लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, एकमेकांना तर नाहीच नाही. एक जण टाइप करत असताना दुसऱ्यानं पाठ फिरवायची.

"लग्नात मला अर्धांगिनी म्हणाले," वहिनी, म्हणजे कुलूपरावांची बायको, खिडकीतून मला सांगायच्या, "आणि अर्धा पासवर्ड दिला त्याला!"

तळघरात पंख्यांची घरघर एवढी की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हे काम दोघं वर्षातून एका रविवारी सकाळी कुलूपरावांच्या घरी करत, ऑफिसचा लॅपटॉप आणून. एवढी गुप्तता, आणि समोर मी! टेबल आतल्या भिंतीला लावलेलं. त्यामुळे जो पाठ फिरवी, त्याचं तोंड थेट माझ्या खिडकीत. कुलूपराव टाइप करायला बसले की उत्तरार्ध माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि लपाछपीत राज्य आलेल्या पोरासारखे दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवायचे. वर बोटांच्या फटीतून मला विचारायचे, "चहा कुणाकडे, इकडे की तिकडे?" मग पाळी बदलायची. कुलूपराव माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे, डोळे उघडे, चेहरा कडक, पहाऱ्यावरच्या शिपायासारखा. मी काय करायची? गाल फुगवून डोळे तिरळे करायची. हसायला तर येतंय, पण पाठ फिरवलेली असताना हलायचं नाही असा त्यांचा बाणा. मिशी थरथरायची नुसती. मागून उत्तरार्धांचा आवाज यायचा, "झालं रे. वळ आता." की मग ते वळायचे आणि मला दम द्यायचा राहून जायचा.

उत्तरार्ध विसराळूच. छत्री आमच्याकडे, डबा बसमध्ये, चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. त्यामुळे आजार आला तोही थट्टेत खपून गेला. घरी जायचा जिना चुकून वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या दारात उभे राहिले, सगळे हसले. ऑफिसात तोच फोन पुन्हा पुन्हा करू लागले, तिथंही हसले. गेल्या वर्षीच्या रविवारी मात्र उत्तरार्धांची टकटक संपेना. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. कुलूपराव पाठ फिरवून उभेच. माझे फुगवलेले गाल दुखायला लागले. शेवटी "झालं रे" आलं, पण त्यामागे हसू नव्हतं. "बोटं म्हातारी झाली," म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि उत्तरार्धांना नोकरी सोडून घरी बसावं लागलं.

त्यांची लेक त्यांना सांभाळते. कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, दुपारचं कुणाला तरी बसवून जाते. ती एकदा वहिनींकडे आली होती, तेव्हा म्हणाली, "काकू, बाबा मला कधी ताई म्हणतात, कधी आई म्हणतात. माझं नाव काही येत नाही. पण रोज विचारतात, यंदाचं सर्टिफिकेट कधी आहे? मी लागणार ना तिथं? माझ्याशिवाय नाही होणार ते."

"मग तू काय सांगतेस?"

"लागणार म्हणते. काय सांगू?"

यंदा इस्पितळानं सर्व्हरच नवा घेतला. जुन्या मशीनवर चढवलेली की त्याच मशीनवर, बाहेर काढता येत नाही, असं या दोघांनीच कधीकाळी करून ठेवलेलं. म्हणजे फाइल उघडून दाखला आणि की दोन्ही नव्यानं चढवायचे, आणि त्यासाठी दोन्ही अर्धे हवेत. मोठ्या साहेबांचं म्हणणं, आता त्या आजारी माणसाचं नाव कमी करा, नवी मुलगी आली आहे कामाला, तिला द्या दुसरा अर्धा. कुलूपराव "बघतो" म्हणाले. कुलूपराव "बघतो" म्हणाले की ते काम होत नाही, हे वहिनींना घरच्या नळावरून माहीत होतं.

ते लॅपटॉप घेऊन मित्राच्या घरी गेले. काही न सांगता समोर ठेवला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मागे बराच वेळ काही वाजेना. मग दोनतीनदा वाजलं, आणि मशीननं नाही म्हटलं. पुन्हा नाही. मग उत्तरार्ध म्हणाले, "कालपर्यंत होतं रे माझ्याकडे."

हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या, आणि वाळलेला टॉवेल त्यांनी उगाच पुन्हा पिळला.

आता खरी गोष्ट सांगते. नवी की बनवायला काही फार लागत नाही. मशीनला सांगायचं, ती बनवते, तिच्यावर नवा दाखला घ्यायचा, की झालं. इस्पितळाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते कुलूपरावांचं. नवी की बनवली की जुनीचा अर्धा घेऊन बसलेला माणूस कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आणि त्या माणसाकडे आता दुसरं काही उरलंच नव्हतं.

शेवटी त्यांनी काय केलं, तर नवी की बनवली. ऑफिसातच बसून ती आणि नवा दाखला नव्या सर्व्हरवर चढवून टाकला. पासवर्ड पूर्णच्या पूर्ण स्वतःचा ठेवला. आणि मग घरी बसून लॅपटॉपवर एक लबाडी रचली. दिसायला अगदी नेहमीची चौकट, पासवर्ड विचारणारी. त्यात काहीही टाइप करा, ती म्हणणार, इम्पोर्ट यशस्वी, म्हणजे की चढली.

"उद्या ते येतायत," वहिनींनी मला शनिवारी बजावलं. "तुम्ही तोंड मिटून बसा हं. आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं केलंय, आणि तेही मशीनकडून."

"मी कशाला बोलू? मी तर गाल फुगवते नुसते."

रविवारी उत्तरार्ध आले. लेकीनं आणून सोडलं आणि औषधं आणायला गेली. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याचा कापूस. मला खिडकीत बघून म्हणाले, "चहा कुणाकडे?" मला वाटलं, अरे, आहे की सगळं जागेवर!

कुलूपराव बसले, आपला अर्धा टाइप केला. उत्तरार्धांनी पाठ फिरवली, दोन्ही तळहात डोळ्यांवर. बोटांत फट नव्हती या वेळी, घट्ट मिटलेली. आतलं काहीतरी धरून ठेवायला बघत असावेत.

"झालं. ये, बस," कुलूपराव म्हणाले.

उत्तरार्ध बसले. मी गाल फुगवले, डोळे तिरळे केले आणि वाट बघत राहिले.

कुलूपरावांचं तोंड माझ्याकडे आलंच नाही. मला त्यांची पाठ दिसत होती. टेबलाच्या कडेला उभं राहून ते मित्राच्या बोटांकडे बघत होते. इतक्या वर्षांत हा माणूस एकदाही चुकला नव्हता. झोपेतसुद्धा ज्यानं कुलूप ओढून बघितलं असतं, तो पाठ फिरवायला विसरला, कारण लपवण्यासारखं तिथं काही उरलेलंच नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, अहो वळा, वळा! पण तोंड मिटून बसायचं कबूल केलेलं. मी पातेल्यावर चमचा आपटला. एकदा, दोनदा. वहिनींनी आतून माझ्याकडे बघितलं. त्यांनी नाही.

टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. मशीन म्हणालं यशस्वी.

"झालं रे," उत्तरार्ध म्हणाले आणि मान वर केली. "वळ..."

पुढचा शब्द राहिला. ते कुलूपरावांच्या डोळ्यांकडे बघत होते.

"तू वळला नाहीस."

"अं? राहिलं रे. लक्षात नाही आलं."

"तुझ्या?"

उत्तरार्धांनी खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवली.

"परत चालव हे."

"कशाला? चढलं की ते."

"चालव, कुलप्या."

ऑफिसात ते त्यांना याच नावानं हाक मारायचे. माझं बारसं तिथवर पोचलं होतं. कुलूपरावांनी वाकून चौकट पुन्हा उघडली. उत्तरार्धांनी एक बोट उचललं, एकच बटण दाबलं, आणि एंटर.

यशस्वी.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"एका अक्षरात उघडलं," उत्तरार्ध म्हणाले. "भारी कुलूप आहे."

"अरे, ऐक..."

"मघाशीही मी काय दाबलं मला माहीत नाही. नुसती बोटं आपटली. म्हटलं, बोटांना आठवत असेल. उघडलं तेव्हा वाटलं, आठवतंय." ते हसले. "किती छान वाटलं रे. एवढाच वेळ, पण छान वाटलं."

कुलूपराव टेबलाला धरून खाली बसले, जमिनीवरच. "नवी बनवली," म्हणाले. "चढवली पण. सगळं व्यवस्थित आहे."

"दुसरा अर्धा कुणाकडे दिलास?"

"कुणाकडे नाही."

"म्हणजे?"

"माझ्याकडेच. दोन्ही."

"गाढवा," उत्तरार्ध म्हणाले, आणि आवाज एकदम जुना, ऑफिसातला. "उद्या तुला काही झालं तर? माझ्याकडे बघ की जरा! तो साहेब आठवतो का? आपण नियम कशाला केला?"

"तुझ्या जागी कुणाला बसवायचं म्हणून..." कुलूपराव फरशीकडे बघत म्हणाले. "माझ्यानं नाही होत."

"ती नवी पोरगी आहे ना? कशी आहे?"

"हुशार आहे. छत्री विसरत नाही."

"मग तिला दे. उद्याच दे. आणि ती टाइप करेल तेव्हा पाठ फिरव. आज माझ्याकडे बघत राहिलास तसं नको करू." मग म्हणाले, "जुनी फाइल आहे का इथं?"

"आहे."

"पूस. नवी आली की जुनी ठेवायची नसते. माझ्यासमोर पूस."

कुलूपरावांनी उठून फाइल काढली. मशीननं विचारलं, कायमची पुसू का? त्यांचा हात तसाच राहिला, पुढे सरकेना. तेव्हा उत्तरार्धांनी त्यांचं मनगट धरून बाजूला केलं आणि स्वतः बटण दाबलं. ज्या फाइलसाठी दोघांनी उभ्या आयुष्यात एकमेकांना अर्धा शब्द सांगितला नव्हता, ती गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

लेक परत आली. "झालं, बाबा?"

"झालं." शर्टाची बाही नीट करत ते म्हणाले. "माझ्याशिवाय अडलं होतं यांचं."

जिना उतरताना त्यांनी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी तो विनोद होता की त्यांना खरंच तसं वाटायला लागलं होतं, ते मला कळलं नाही. चहा चौघांचाही तसाच राहिला, साय धरलेला.

दुसऱ्या दिवशी कुलूपरावांनी पासवर्ड बदलला आणि अर्धा नव्या मुलीकडे दिला. घरी आले, दार लावून आत बसले, आणि त्या दिवशी दार ओढून बघायचं त्यांना सुचलं नाही. वहिनींनी ते मला भीत भीत सांगितलं, जणू ताप आलाय.

पुढे काही आठवड्यांनी लेकीचा फोन आला. बाबा दाढी करून बसलेत. म्हणतायत, आज सर्टिफिकेट आहे, उशीर झाला तर कुलप्या ओरडेल. झालं ते सगळं विसरून गेले होते. ती चौकट, ते एक अक्षर, पुसलेली फाइल, सगळं. रडून झाल्यावर ती विचारत होती, काय सांगू, काका?

"घेऊन ये," कुलूपराव म्हणाले.

आता ते अधूनमधून येतात. कुठला वार असेल ते त्यांच्या दाढीवर अवलंबून. ती लबाड चौकट कुलूपरावांनी स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवली आहे. हल्ली उत्तरार्धांना जिना चढायला धरावं लागतं, आणि चहाचं विचारणं बंद झालंय. मी कोण ते त्यांना आठवत नाही. बघतात माझ्याकडे, आणि पाहुण्याला करावा तसा नमस्कार करतात.

परवा आले होते. कुलूपरावांनी आपला अर्धा टाइप केला, म्हणजे जो आता कुठलंच कुलूप उघडत नाही तो. उत्तरार्ध वहिनींचा हात धरून खुर्चीत बसले. आणि कुलूपराव वळले. पूर्ण, काटेकोर, दोन्ही टाचा जुळवून. त्यांचं तोंड माझ्या खिडकीत आलं.

मागे टकटक सुरू झाली. एक अक्षर, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. कुलूपरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशीत उतरत होतं, आणि ते पुसायला हात उचलत नव्हते. पाठ फिरवलेली असताना हलायचं नाही. माझ्या हातात कांदा नव्हता. विळीसुद्धा नव्हती. मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी गाल फुगवले आणि डोळे तिरळे केले, आणि माझे डोळे तिरळे झाल्यावर मला दोन दोन कुलूपराव दिसायला लागले, दोघेही रडणारे.

मिशी जराशी थरथरली.

टकटक थांबली. त्यांनी वळून बघितलं नाही. मीही गाल सोडले नाहीत. बऱ्याच वेळानं, अगदी बारीक आवाजात, मागून आलं, "झालं रे. वळ आता."